आपली खुर्ची आपल्या काखेत

आप्पा कुंभोजकर दुसऱ्याच्या खुर्चीवर बसत नसत. बँक असो, कौन्सिल असो, नाहीतर डॉक्टरांची सर्जरी असो (इंग्लंडात दवाखान्याला सर्जरीच म्हणतात), ते येताना काखेत आपली घडीची लोखंडी खुर्ची घेऊन येत. काउंटरवरची मुलगी हसून "प्लीज टेक अ सीट" म्हणाली, की हे तिच्याहून गोड हसून म्हणत, "थँक यू. आय हॅव ब्रॉट माय ओन." मग खट्कन खुर्ची उघडायची, भिंतीकडेच्या गुबगुबीत खुर्च्यांसमोर मधोमध मांडायची आणि तिच्यावर ताठ बसायचं. आतून बोलावणं आलं, की पुन्हा खट्कन मिटायची आणि बरोबर आत न्यायची.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या सर्जरीत. मला खोकला झाला होता आणि मी आपली कोपऱ्यात बसून रुमालात खोकत होते. आप्पांनी खुर्ची उघडली, तशी खोलीतल्या सगळ्या इंग्रजांनी हातातली मासिकं नाकापर्यंत वर नेली. माझ्या शेजारची म्हातारी माझ्याकडे झुकून कुजबुजली, "इज ही विथ यू, डिअर?" तिचं तरी काय चुकलं? त्या खोलीत सावळे असे आम्ही दोघंच होतो. आणि मी, देव मला क्षमा करो, चटकन "नो" म्हणून मोकळी झाले.

तेवढ्यात आप्पांची नजर माझ्या पिशवीवर गेली. पुण्याच्या साडीच्या दुकानाची पिशवी, वर ठसठशीत मराठीत नाव छापलेलं.

"मराठी होय तुम्ही?" ते साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मग त्या स्पंजावर काय बसलाय? पाठ जाईल की कामातनं!"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझा खोकला जागच्या जागी बरा झाला.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमचं गाव मिल्टन कीन्स तेव्हा नवं नवं होतं. झाडं माणसाच्या कमरेइतकी आणि चौकाचौकातले गोल राउंडअबाउट मात्र माणसांपेक्षा जास्त. माझे यजमान तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, मी लायब्ररीत पार्टटाइम. गावात मराठी घरं मोजून डझनभर, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मला त्या खुर्चीवाल्याचा सगळा पत्ता लागला. आमच्याच हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टर नीलिमाचे हे वडील. मूळचे कोल्हापूरकडचे. तरुणपणी मस्कतला गेले, वेल्डिंग करता करता खुर्च्यांचा कारखाना काढला आणि वीस वर्षं चालवला.

पुढं मी त्यांना विचारलं, की मस्कतला एवढं बस्तान बसलेलं असताना ते मोडून इथं का आलात? ते म्हणाले, "तिथं दारावरची पाटी अरब भागीदाराची होती, वहिनी. तसा कायदाच होता, त्याला कोण काय करणार! माणूस चांगला होता. पण वीस वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली बसलो. आता उरलेली वर्षं आपली खुर्ची आपल्या काखेत." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून चार वेळा यायचं. पाऊस आला तरी यायचं आणि भाजी महाग झाली तरी यायचं.

पण इंग्लंडला येणं काय सोपं? वकिलानं त्यांना सरळ वाट सांगितली होती. विधुर बापाला मुलीकडे कायमचं राहायचं तर पासष्टी उलटलेली हवी आणि बाप सर्वस्वी मुलीच्या जिवावर जगतो असं कागदावर दाखवायला हवं. आप्पा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. वकील म्हणाला, सात वर्षं थांबा, मग फॉर्म भरू. हा प्रसंग सांगताना आप्पांचे कान लाल होत.

"डिपेन्डन्ट लिहा म्हणतोय! कुणावर डिपेन्डन्ट? जिला मी खांद्यावर बसवून शाळेत नेली, तिच्यावर? मी त्याला म्हटलं, बाबा रे, मला सात वर्षं थांबता येत नाही आणि त्या कागदावर सही पण करता येत नाही. दुसरा कागद काढ."

दुसरा कागद म्हणजे धंद्याचा व्हिसा. आपली स्वतःची पुंजी आणायची, इथं धंदा काढायचा आणि इथल्या दोन माणसांना कायमचं काम द्यायचं. आधी फक्त वर्षभर राहायला मिळतं. धंदा खरा आहे आणि चालतो आहे अशी सरकारची खात्री पटली, तर पुढं तीन वर्षं. तीही नीट गेली, तर कायमचं. मधेच कुठं पाय घसरला, तर पुंजी गेली आणि माणूसही परत. आप्पांनी मस्कतचं सगळं विकून टाकलं आणि हा दुसरा कागद भरला. लोक मुलीकडे राहायला येताना लोणच्याची बरणी आणतात, हे आख्खा कारखाना घेऊन आले.

आणि वर ऐट अशी, की "मी धंद्याला आलोय. पोरगी त्याच गावात निघाली, हा योगायोग." लेकीच्या घरी ते राहिलेसुद्धा नाहीत. कारखान्याजवळ एका खोलीत बिऱ्हाड केलं. रविवारी तिच्याकडे जेवायला जाताना पोतंभर कांदे न्यायचे, म्हणजे फुकटचं जेवलो असं व्हायला नको.

कारखाना म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटवरचा एक पत्र्याचा गाळा. त्याच्या दारावर माणसाच्या उंचीची अक्षरं होती: कुंभोजकर. एकाही इंग्रजाला ते नाव म्हणता यायचं नाही. बँकेच्या मॅनेजरनं सुचवलं होतं, की काहीतरी सुटसुटीत ठेवा. आप्पांनी त्याच दिवशी अक्षरं आणखी वीतभर मोठी करून घेतली.

ती अक्षरं रंगवली ब्रेंडानं. सरकारला दाखवायच्या दोन माणसांपैकी ही एक. पन्नाशीची, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेली, बोटांना कायम रंग आणि तोंडाला कायम सिगारेट. दुसरा कीथ. हा वेल्डर, दोन वर्षं घरी बसलेला, दिवसाला सहा शब्द बोलणारा. आप्पा त्यांना ब्रेंडाबाई आणि कीथराव म्हणत. दिवाळीला दोघांना पूर्ण पोशाख केला. कीथनं त्यातला कोल्हापुरी फेटा त्याच्या फुटबॉल टीमच्या मॅचला बांधला आणि टीम जिंकल्यावर सबंध सीझन उतरवला नाही.

खुर्ची तपासायची आप्पांची रीत ठरलेली होती. उलटी करायची, पाय ओढायचे, मग स्वतः बसून दोनदा मागंपुढं व्हायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. जराशी जरी कुरकुर ऐकू आली तरी खुर्ची कीथरावांकडे परत. "खुर्चीनं बोलायचं नसतं. बोलायचं काम बसणाऱ्याचं." एकदा वॉटफर्डला गणपतीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे बसायला वाकले आणि आप्पांनी पुढं होऊन त्यांच्या खालची खुर्ची उलटी करून पाहिली. पाहुणे तीन मिनिटं अर्धवट वाकलेलेच होते. मंडळानं पुढच्या वर्षापासून आप्पांना पाचव्या रांगेच्या पुढं येऊ द्यायचं नाही असा ठराव केला. आप्पांनी चौथ्या आणि पाचव्या रांगेच्या मधे आपली खुर्ची मांडली.

पहिल्या वर्षी धंदा काही फारसा उठला नाही. एक मोठी ऑर्डर आली, जवळच्या खेड्यातल्या हॉलसाठी साठ खुर्च्यांची. हॉलचे चेअरमन होते मिस्टर प्रिचर्ड. आप्पांना एवढा आनंद झाला, की त्यांनी आपल्याकडची रीत केली. आपल्याकडे देवळाच्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं असतात, कार्यालयातल्या पातेल्यावर आत्याचं नाव असतं. तशी पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीच्या पाठीवर ब्रेंडाकडून सुरेख सोनेरी अक्षरांत रंगवून घेतलं: मिस्टर पी. प्रिचर्ड. ब्रेंडाला वाटलं, गेला असेल बिचारा. तिनं चौकशी केली नाही.

कारण इंग्लंडात बसायच्या वस्तूवर नाव आलं, की माणूस मेला. इथली बागेतली बाकं बघा, एकूण एक स्वर्गवासी. हॉलमध्ये पत्त्यांचा डाव होता, तिथं दोन म्हाताऱ्यांनी ती खुर्ची पाहिली, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी फुलं घेऊन प्रिचर्डांच्या घरी गेल्या. दार उघडलं ते प्रिचर्डांनीच. हातात कुंपण कापायची कात्री होती. एक म्हातारी तिथंच पायरीवर बसली.

मला वाटलं, आता साठच्या साठ खुर्च्या परत येणार. मी आप्पांना म्हटलं, "माफीचं पत्र लिहू या."

"माफी कसली?" ते उसळले. "जितेपणी नाव घातलं तर माणसाला वाचता तरी येतं. मेल्यावर रंगवून कुणाला दाखवताय?" ते तडक खुर्ची काखेत मारून प्रिचर्डांकडे गेले आणि हेच त्यांना इंग्रजीत ऐकवून आले. प्रिचर्ड मोठा मिस्कील निघाला. त्यानं फक्त नावाखाली एक ओळ वाढवायला सांगितली. ब्रेंडानं तसल्याच सोनेरी अक्षरांत लिहिलं: स्टिल विथ अस. अजून आमच्यात आहेत.

ती खुर्ची बघायला आसपासची खेडी लोटली. मग क्रिकेट क्लबानं आपल्या अंपायरच्या नावाची खुर्ची मागितली, पाठोपाठ बँडवाल्यांनी, मग एका चर्चच्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाईनं स्वतःच्या नावाची स्वतःच. सगळ्यांना ती खालची ओळ हवीच असायची. धंद्यानं नुकता कुठं श्वास घेतला होता आणि तेवढ्यात वर्ष भरत आलं.

होम ऑफिसशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार मी करायचे, कारण टाइपरायटर माझ्याकडे होता. आप्पा आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची उघडून बसत आणि पत्र सांगत. "लिहा की. मी तुमच्या दारात हात पसरायला आलेलो नाही. माझी पुंजी मी आणली आहे, माझं नाव मी आणलं आहे, माझी खुर्चीसुद्धा मीच आणली आहे." मी टाइप करायचे: आपण माझ्या अर्जाचा सहानुभूतीनं विचार कराल तर मी आपला अत्यंत आभारी होईन. आप्पा कागदाकडे बघून विचारत, "एवढं लहान कसं झालं?" मी म्हणे, "इंग्रजी आटोपशीर असते, आप्पा."

मला यात काही गैर वाटलं नव्हतं. इतकी वर्षं ह्या देशात राहून आम्ही सगळेच आटोपशीर झालो होतो.

एका संध्याकाळी आप्पा आले आणि खुर्ची न उघडताच दारात उभे राहिले. बरोबर आठ वर्षांची मुक्ता, नीलिमाची मुलगी. हातात माझ्या पत्राची प्रत होती. मुक्तानं ती आजोबांना वाचून दाखवली होती.

"ह्याच्यात आजोबा दोन वेळा सॉरी बोलला," मुक्ता मला म्हणाली. "पण आजोबा काय केला?"

आप्पा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमची भाषा चांगली आहे. पण ती माझी नाही. दोन शब्द चुकलेले चालतील मला, वाकलेले नकोत." त्या दिवसापासून मी ते सांगतील तसंच टाइप करायला लागले.

आणि मग तपासणीची तारीख आली. होम ऑफिसचा माणूस धंदा प्रत्यक्ष बघायला येणार, त्याच्या सांगण्यावर पुढची तीन वर्षं ठरणार. इंग्रजी अडलं तर हाताशी असावी म्हणून मी रजा घेऊन गेले. जाण्याआधी आप्पांना चार वेळा बजावलं, की नीलिमाचं आणि मुक्ताचं नाव काढू नका. धंदा नुसता निमित्ताला काढलाय असा संशय आला, तर संपलं सगळं.

"बरं," आप्पा म्हणाले. ते फार पटकन बरं म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

साहेब आले. नाव मिस्टर हॅलेट. उंच, फिकट, हातात करड्या रंगाची फाइल. गाळ्याच्या मधोमध त्यांच्यासाठी एक कोरी करकरीत खुर्ची मांडली होती. आणि तिच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत होतं: मिस्टर हॅलेट. स्टिल विथ अस.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब खुर्चीला एक फेरी मारून समोर येत होते. "मिस्टर कुंबो... सर," ते म्हणाले, "ही भेट आहे की धमकी?"

"दोन्ही नाही," मी मधेच पडले. "आमच्याकडे पाहुण्याच्या जागेवर नाव घालतात. आपण गेल्यावर पुसून टाकू." आप्पा म्हणाले, "पुसणार नाही. ऑइल पेंट आहे."

साहेब खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. आप्पा आपल्या खुर्चीवर ताठ बसले. प्रश्न सुरू झाले. लोखंड कुठून आणता, गिऱ्हाईक कोण, ऑर्डरी किती. आप्पा छान उत्तरं देत होते. ऑडिट केलेले कागद मी एकेक पुढं सरकवत होते. माझा जीव जरा खाली पडतोय, तोवर आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

ते उठले. खुर्ची खट्कन मिटली, काखेत मारली.

"एक्सक्यूज मी," ते साहेबांना म्हणाले. "आय विल कम बॅक ॲट फोर. प्लीज सिट."

आणि गेले. मी धावत दारापर्यंत गेले. "आप्पा! अहो, हा माणूस तुम्हाला परत पाठवू शकतो! आजचा एक दिवस राहू द्या!"

"आजचा दिवस तिला शाळा नाही होय?" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज दुपारी तीनच्या सुमाराला फोन केला की ब्रेंडा म्हणायची, मिस्टर के बाहेर गेलेत. मी विचारलं, की ते सांगायचे, रंग वाळेस्तोवर हवा खाऊन येतो. नीलिमाचा नवरा आप्पा येण्याआधी वर्षभर तिला आणि पोरीला सोडून गेला होता. तिच्या ड्यूट्या कधीच्या कधी. शाळा सुटल्यावर मुक्ता कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे, कधी कुणाचीच वाट बघत गेटशी उभी. आम्ही डझनभर मराठी घरं, त्या गोष्टीवर कुजबुजायला अजिबात कमी पडलो नाही. मदतीला मात्र प्रत्येकाची काही ना काही अडचण निघायची. माझीही निघाली होती. म्हणून त्या माणसाला सात वर्षं थांबता येत नव्हतं. सात वर्षांनी मुक्ता चौदा-पंधरा वर्षांची झाली असती.

आत साहेबांनी पेनाचं टोपण लावलं होतं. "ते नेहमी असं करतात?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी बनवून सांगणार होते. पण ब्रेंडानं सिगारेट विझवली. "रोज," ती म्हणाली. "शाळेच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात. चारला नातीला घेऊन येतात. ती इथं बसून अभ्यास करते आणि ते आठपर्यंत काम करतात. आणि ऐका, तुम्ही हे बंद केलंत ना, तर मी आणि कीथ दोघंही उद्या बेकारभत्त्याच्या रांगेत उभे राहू. आमच्या एमपीला ते कसं समजावून सांगायचं, ते तुम्ही बघा."

"बरोबर," कीथ म्हणाला. त्या दिवसाचा त्याचा एक शब्द तिथं खर्च झाला.

साहेब थांबले. चारला पाच मिनिटं असताना आप्पा आले. एका काखेत खुर्ची, दुसऱ्या खांद्यावर गुलाबी दप्तर, मागून मुक्ता. ती सरळ साहेबांच्या खुर्चीमागं गेली, नाव वाचलं आणि आजोबांना म्हणाली, "हा माणूस मेला नाही ना?"

साहेबांनी फाइल उघडली. "मिस्टर कुंभोजकर," ते म्हणाले आणि त्यांनी ते नाव धड उच्चारलं, "तुम्ही ह्या देशात ह्या मुलीसाठी आलात का?"

मी पदराआडून आप्पांना खुणा करत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. आप्पा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "येस. अँड आय मेक गुड चेअर्स. बोथ आर ट्रू." मग मराठीत माझ्याकडे वळून, "सांगा त्यांना. माणूस एकाच कारणासाठी घर सोडतो होय? आणि सोडलं तर खोटा होतो होय?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. एकही वाकवला नाही.

साहेबांनी काहीतरी लिहिलं. उठता उठता, कसं कोण जाणे, खुर्चीवर दोनदा मागंपुढं झाले आणि कान देऊन ऐकलं. खुर्ची बोलली नाही.

सहा आठवडे आम्ही सगळे पोस्टमनकडे बघून जगलो. नीलिमा वॉर्डातून मला रोज फोन करायची, काही आलं का? ती सगळा दोष स्वतःला द्यायची. सरकारी पत्र बसून उघडायचं नाही, असा आप्पांचा नियम होता, म्हणून पत्र आलं तेव्हा गाळ्यात सगळे उभे होते. तीन वर्षं मिळाली होती. का मिळाली, हे त्यात लिहिलं नव्हतं. ब्रेंडाचं ठाम म्हणणं, तिच्या एमपीमुळे. आप्पांचं म्हणणं, वेल्डिंगमुळे.

ती तीन वर्षंही गेली. कीथचं लग्न झालं. ह्या गावच्या राउंडअबाउटवरची झाडं आता पलीकडचं दिसू देत नव्हती. आणि एका शरदातल्या सकाळी शेवटचं पत्र आलं. पुन्हा सगळे उभे राहिले, मी वाचलं. आता मुदत नाही, अट नाही, कायमचं राहता येईल. ब्रेंडा ढसाढसा रडली. कीथनं आप्पांचा हात हातात घेतला तो सोडेचना. मी घरून पेढे करून नेले होते. आप्पा म्हणाले, "बरं झालं. ब्रेंडाबाई, त्या क्रिकेट क्लबाच्या खुर्च्या वाळल्या का?"

सव्वातीन वाजता सवयीनं त्यांचा हात दाराशी टेकवलेल्या खुर्चीकडे गेला आणि तिथंच थांबला. मुक्ता आता बारा वर्षांची होती. सप्टेंबरपासून मोठ्या शाळेत जात होती, मैत्रिणींबरोबर सायकलवर, रेडवेनं, म्हणजे सायकलींसाठीच्या लाल वाटेनं. पहिल्याच आठवड्यात तिनं सांगितलं होतं, "आजोबा, तू गेटवर नको येऊ. सगळे बघतात." त्यावर आप्पा आम्हाला म्हणाले होते, "बरोबर आहे तिचं. पोरीनं आपल्या पायावर उभं राहायला पाहिजे."

"जरा हवा खाऊन येतो," ते आता म्हणाले आणि खुर्ची घेऊन बाहेर पडले. ब्रेंडानं मला डोळ्यानंच खुणावलं, जा. मी पेढ्यांचा डबा घेऊन मागोमाग निघाले.

मोठ्या रस्त्याखालून रेडवेचा बोगदा जातो. त्याच्या अलीकडे काटेरी झुडपांची एक रांग आहे. आप्पांची खुर्ची त्या झुडपांच्या मागं होती, अशी की त्यांना वाट दिसावी आणि वाटेवरच्यांना ते दिसू नयेत.

"आप्पा, काय हे?"

"हळू बोला. बसा खाली."

"बसू कुठं? चिखल आहे."

ते उठले. खुर्चीवर हात फिरवून पाणी निपटलं आणि म्हणाले, "बसा." चार वर्षांत त्या खुर्चीवर मी दुसऱ्या कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं. मी बसले. ते बाजूला उभे राहिले.

सायकलींचा घोळका आला. कलकलाट, हसणं, सैल केलेले टाय. तिसरी मुक्ता होती. केस कापलेले, इंग्रजी अगदी इथल्या पोरींसारखं फटाफट. तिनं झुडपांकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त आमच्यासमोरून जाताना, पुढं आडवं कुणी नसताना, तिनं सायकलची घंटा दोनदा वाजवली आणि बोगद्यात शिरली.

आप्पा बोगद्याकडे बघत होते. "चार वर्षं लागली हो परवानगी यायला," ते म्हणाले. "तेवढ्यात पोरगी मोठी झाली की." त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं असं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी पेढ्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी पेढा खाल्ला, हात झटकले आणि मला उठवून खुर्ची खट्कन मिटली.

"मग उद्या?" मी विचारलं.

"उद्या काय? उद्या पण साडेतीनलाच सुटते की शाळा." दोन पावलं पुढं जाऊन ते वळले. "तुम्ही येणार असाल तर येताना तुमची खुर्ची तुम्ही आणा. मला रोज रोज उभं राहायला जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची काखेत मारून गेले. आम्ही दोघं झुडपांमागं बसलो असताना कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली. झुडपाआडून शाळेच्या मुलांच्या वाटेकडे बघत बसलेला म्हातारा तिला काही बरा वाटेना. तिनं आप्पांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "इज ही विथ यू?"

"नो," मी म्हणाले. "आय ॲम विथ हिम."

मग खुर्ची जराशी तिच्याकडे वळवून मी ताठ बसले.